स्टेशनमागच्या गल्लीचा हिशेब: मेट्रोजवळ राहणाऱ्यांनी गाड्या कशा मोजाव्यात आणि मग काय मागावं

राखाडी रंगाची एक स्कूटर आमच्या फाटकाला अगदी चिकटून सकाळी पावणेआठला लागायची आणि संध्याकाळी सातनंतरच हलायची. हेल्मेट कुलूप लावून खाली अडकवलेलं, सीटवर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी ताणलेली. पुण्यातल्या आनंदनगर मेट्रो स्टेशनचा जिना आमच्या गल्लीच्या तोंडापासून चालत चार मिनिटांवर आहे. त्यामुळे गल्लीत परकी दिसणारी प्रत्येक गाडी मेट्रोवाल्यांची, असं सगळी सोसायटी ठामपणे म्हणायची. मीही म्हणायचे.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलांनी न मोजता उत्तर सांगितलं की मी मार्क द्यायचे नाही. सोसायटीच्या सभेत तिसऱ्यांदा याच विषयावर आवाज चढले तेव्हा लक्षात आलं की आम्ही सगळे न मोजताच उत्तरं देतोय. मग इमारतीतली नववीतली दोन मुलं हाताशी घेतली आणि मोजायला बसले. त्यातून जे हाती आलं आणि जिथे मी चुकले, ते इथे सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्याकडे मेट्रो अजून यायची आहे त्यांना याचा आमच्यापेक्षा जास्त उपयोग होईल. कोथरूड डेपो, चांदणी चौक, वाघोली इथल्या लोकांनी तर आजच वही काढावी. वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या वाढीव मार्गांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. स्टेशन सुरू होण्याआधीचे आकडे एकदाच घेता येतात, नंतर नाही.

आधी समजून घ्या: गाड्या जातात कुठे

६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज हा पाच किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आमचं आनंदनगर त्यातच. तेव्हा आमच्या गल्लीत काहीच बदललं नाही. लोक नातवंडांना घेऊन हौसेने बसायचे, गरवारेपर्यंत जाऊन परत यायचे. फरक पडला १ ऑगस्ट २०२३ नंतर. मेट्रो गरवारेच्या पुढे डेक्कन, महापालिका, सिव्हिल कोर्ट, पुणे स्टेशन करत रुबी हॉलपर्यंत जायला लागली आणि कोर्टाजवळ पिंपरीची मार्गिका मिळाली. मार्च २०२४ मध्ये रामवाडी जोडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट. प्रत्येक टप्प्याला मेट्रो जास्त लोकांच्या कामाची झाली आणि आमच्या गल्लीतला कडेचा रस्ता थोडा थोडा भरत गेला. म्हणजे पार्किंग वाढतं ते स्टेशन उघडलं म्हणून नव्हे. तिथून निघालेली मेट्रो लोकांच्या कामाच्या ठिकाणी पोचायला लागते, तेव्हा ते वाढतं. तुमच्याकडे पहिल्या महिन्यात गल्ली मोकळी दिसली तर निश्चिंत होऊ नका.

आता मुख्य रस्ता. मेट्रो आली तरी पौड रस्ता आणि कर्वे रस्ता रिकामे का झाले नाहीत, हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं. याचं उत्तर अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच मांडलं होतं. गर्दीच्या वेळी रस्त्यावर थोडी जागा झाली की तीन प्रकारचे लोक तिच्याकडे वळतात: जे गर्दी टाळायला लवकर किंवा उशिरा निघत होते ते, जे आडवाटेने जात होते ते, आणि जे कंटाळून बसने जायला लागले होते ते. दहा जण मेट्रोत गेले तर त्यांच्या जागी असे दहा जण येतात. पुढे २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतल्या शहरांच्या आकडेवारीतून दाखवलं की रस्त्यांची लांबी वाढेल जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढतो, आणि सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने रस्त्यावरचा गाड्यांचा एकूण प्रवास घटलेला दिसत नाही.

मग मेट्रोचा उपयोग नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बस आणि रेल्वे कर्मचाऱ्यांचा ३५ दिवस संप झाला. त्या काळात महामार्गांवरचा सरासरी खोळंबा ४७ टक्क्यांनी वाढला, असं मायकेल अँडरसन यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. चालू असलेली सेवा थांबली की तिने किती भार उचलला होता ते कळतं. म्हणून "मेट्रोने ट्रॅफिक कमी झालं का" या प्रश्नावर वेळ घालवू नका. त्याच रस्त्याने तासाभरात एकूण किती माणसं पुढे जातात आणि त्यातली किती कोंडीत अडकत नाहीत, ते विचारा.

आमच्या गल्लीपुरतं बोलायचं तर देवघेव अशी झाली: आधी जी गाडी कर्वे रस्त्यावरून चालत होती ती आता आमच्या फाटकासमोर उभी राहते. शहराला त्यात फायदा आहे, त्रास मात्र स्टेशनमागच्या शंभर-दीडशे घरांना. हा त्रास खरा आहे. तो सांगायला लाजू नका, पण तो किती आहे हे नेमकं सांगा.

शेवटच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. मधल्या स्टेशनावर बहुतेक लोक चालत येतात. टोकाच्या स्टेशनावर त्याच्या पलीकडच्या सगळ्या वस्तीची वाहनं येऊन थांबतात. वनाझला बावधन, भूगाव, पिरंगुटकडून येणारा माणूस गाडी लावणारच, त्याला पर्याय कुठे आहे? मार्ग पुढे वाढला की हे पार्किंगही पुढच्या टोकाला सरकतं. पिंपरीच्या टोकाला मार्गिका निगडीपर्यंत वाढते आहे, तिथेही हेच होईल. तेव्हा आज वनाझला जे दिसतंय ते उद्या चांदणी चौकाला दिसेल, असं धरूनच तयारी करा.

कडेचा रस्ता मोजणं

पहिला दिवस गाड्यांचा नाही, जागेचा. मोजपट्टी घ्या, नाहीतर पावलांनी मोजा. दोन्ही बाजूंची लांबी लिहा आणि त्यातून जिथे गाडी लावताच येत नाही ती जागा वजा करा: फाटकं, चौकाचे कोपरे, महावितरणची डीपी, झाडाचे कठडे, कचऱ्याचे डबे. समजा गल्ली १४० मीटर लांब आहे. दोन बाजू मिळून २८० मीटर. नऊ फाटकांचे ३६ मीटर, चार कोपऱ्यांचे ४० आणि डीपी-झाडांचे १४ वजा केले की उरले १९०. गल्लीत पी-१ पी-२, म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग असेल तर एका दिवशी यातला निम्माच भाग, ९५ मीटर. रस्त्याला समांतर लावलेल्या कारला साडेपाच मीटर धरा, आडव्या लावलेल्या दुचाकीला एक मीटर. दहा कार आणि चाळीस दुचाकी झाल्या की गल्ली भरली. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. आमच्याकडे नुसत्या इमारतींमधल्या लोकांच्या गाड्या याच्या जवळपास होत्या आणि हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी मोजणी पहाटे पाचला. ही चुकवू नका, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पहाटे पाचला मेट्रो सुरू नसते, दुकानं बंद असतात, बँक बंद असते. त्या वेळी रस्त्यावर उभी असलेली गाडी गल्लीतल्याच कुणाची तरी असते. मी टॉर्च घेऊन फिरले. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एका खांबाजवळ जुनं कपाट होतं, एका जागेत चादर टाकलेली बंद पडलेली स्कूटर, एका जागेत कुंड्या आणि रंगाचे डबे. आणि त्या जागांचे मालक आपापल्या कार बाहेर रस्त्यावर लावत होते. मेट्रोवाल्यांवर सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांपैकी दोघे त्यात होते. मी सभेत नावं घेतली नाहीत, फक्त आकडा सांगितला. पुढच्या रविवारी कपाट गेलं. कुंड्या गच्चीवर गेल्या. चार कार आत आल्या. कुठलाही अर्ज न करता, एक रुपया खर्च न करता गल्लीत चार कारची जागा झाली. तुम्हीही सुरुवात इथूनच करा, कारण पुढे तुम्ही कुठल्याही कार्यालयात गेलात की पहिला प्रश्न हाच येतो: तुमच्या सोसायटीचं पार्किंग वापरात आहे का?

तिसरी मोजणी दिवसभराची. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला एक फेरी. दर अर्ध्या तासाला जमलं तर उत्तमच. कागदावर डाव्या बाजूला जागांचे क्रमांक, वर तास. प्रत्येक फेरीत त्या जागेवरच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. गाडी तीच असेल तर टिंब. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मुलांना हे काम छान जमतं आणि शाळेत शिकलेला वारंवारता तक्ता पहिल्यांदा कशासाठी तरी वापरला म्हणून खूषही होतात. पूर्ण नंबर लिहू नका, माणसांचे फोटो काढू नका, आणि हे कागद व्हॉट्सॲपवर फिरवू नका. आपण गाड्या मोजतोय, कुणाच्या मागावर नाही.

दिवस निवडताना मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी दोन घ्या, त्यात एक सम तारीख, एक विषम. तुलनेला एक रविवार. सुट्ट्यांचे आठवडे, पहिल्या मोठ्या पावसाचे दिवस आणि गणेशोत्सव टाळा. गणपतीच्या दहा दिवसांत कसबा पेठ आणि मंडईच्या स्टेशनांमुळे अख्खं शहर मेट्रोने येतं-जातं. तेव्हाचे आकडे उत्सवाचे असतात, तुमच्या गल्लीचे नसतात.

कागद भरले की वाचायचे कसे? जो नंबर पहाटे पाचला होता तो रहिवाशाचा. जो तासाभरात गेला तो पाहुणा, गिऱ्हाईक, क्लासला मुलाला सोडणारा. जो सात ते साडेदहाच्या मध्ये आला आणि सहा तासांहून जास्त थांबला तो नोकरीवाला. माझी चूक इथे झाली. असे सगळे नोकरीवाले मी मेट्रोच्या खात्यात टाकले. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याने ती यादी बघितली आणि म्हणाला, "बाई, यातल्या या तीन गाड्या तर समोरच्या बँकेतल्या लोकांच्या, आणि ही माझ्या पोराची." मग मी दोन दिवस सकाळी साडेसात ते दहा कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले आणि गाडी लावून माणूस कुठल्या दिशेने जातो ते पाहिलं. स्टेशनच्या जिन्याकडे जाणारे आणि गल्लीतच कामाला येणारे वेगळे झाले. मेट्रोचा आकडा निम्म्यावर आला. बाकीचे बँकेतले, दवाखान्यातले, दुकानांतले आणि घरकामाला येणाऱ्या बायका. ही खातरजमा केल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नका. एकदा खोटा ठरलेला आकडा पुढच्या सगळ्या खऱ्या आकड्यांना खोटं पाडतो.

आता भागाकार. उभ्या गाड्या भागिले जागा, गुणिले शंभर: ही भरलेपणाची टक्केवारी. पार्किंगवर आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी ८५ टक्क्यांचा अंदाज दिला होता: रस्त्याची कडा साधारण तितकी भरलेली असावी, म्हणजे प्रत्येक तुकड्यात एखाद-दुसरी जागा रिकामी मिळते आणि जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या थांबतात. आपल्या उदाहरणात चाळीस दुचाकींच्या जागेत ३४ उभ्या असतील तर ठीक, ४६ असतील तर सहा कुठल्यातरी फाटकासमोर किंवा फूटपाथवर आहेत हे न बघताही सांगता येतं. ही टक्केवारी दर तासाची काढा. आमच्याकडे सगळ्यात वाईट वेळ सकाळी साडेदहा निघाली, आणि आम्ही सगळे संध्याकाळबद्दल भांडत होतो.

चालत्या गाड्या आणि जिन्याखालचा गोंधळ

याला कमी वेळ लागतो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे मोजा, सकाळी साडेआठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते सात. दुचाकी, कार, रिक्षा, बस वेगवेगळ्या. सगळ्या गाड्या सारखी जागा अडवत नाहीत, म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी १९९० मध्ये वजनं ठरवून दिली आहेत: कार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७. त्या प्रकारची वाहनं रस्त्यावर जास्त असतील तर वरचा आकडा घ्यायचा. प्रत्येक प्रकारच्या गाड्यांची संख्या तिच्या वजनाने गुणून बेरीज केली की अर्ज वाचणाऱ्या अभियंत्याला तुमची भाषा कळते.

पण माझ्या अनुभवात कोंडी पार्किंगने कमी आणि जिन्याखाली थांबलेल्या गाड्यांनी जास्त होते. जिना फूटपाथवर उतरतो, त्याच्या समोर रिक्षा, रिक्षाच्या बाहेरच्या बाजूला मुलीला सोडायला आलेल्या वडिलांची कार, आणि मागून बस. दोन मार्गिकांतली एक गेली की रस्ता निम्मा झाला. मोबाइलवरचं घड्याळ लावून एका तासात बाहेरची मार्गिका किती मिनिटं अडली होती एवढंच लिहा. हा एकच आकडा पोलिसांना सगळ्यात लवकर पटतो.

जिन्याशीच एक छोटी पाहणी करता येते. शंभर प्रवाशांना नम्रपणे दोन प्रश्न विचारा: इथपर्यंत कसे आलात, आणि मेट्रो नसती तर पुढे कसे गेला असता? समजा शंभरातले ६२ चालत आले, १५ रिक्षा-बसने, ११ जणांना कुणी सोडलं आणि १२ जणांनी गाडी लावली. त्या बारांपैकी नऊ जण म्हणाले की मेट्रो नसती तर याच गाडीवरून कॅम्पात गेलो असतो. तर कर्वे रस्त्यावरच्या नऊ दुचाकी तुमच्या गल्लीत थांबल्या. हा आकडा अर्जात जरूर द्या, त्याने तुमचं म्हणणं रडगाणं वाटत नाही.

मुख्य रस्त्यासाठी माझी पद्धत साधी आहे. एकाच वेळेच्या बसने दोन आठवडे वनाझ ते गरवारे जायचं आणि प्रत्येक थांब्याची वेळ लिहायची. नळ स्टॉपला वर मेट्रो आणि तिच्याखाली गाड्यांचा उड्डाणपूल आहे. चौक वेगात पार होतो, पण पूल उतरतो तिथे वेळ परत जातो, हे वेळा लिहिल्या तेव्हा मला स्पष्ट दिसलं. एका चौकाचा नाही, पूर्ण अंतराचा वेळ मोजा.

ती राखाडी स्कूटर

कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते तेव्हा ती आली. पंचविशीची मुलगी, पाठीवर बॅग. त्याच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी तिच्या मागच्या चाकातली हवा सोडली होती आणि रात्री साडेआठला ती स्कूटर ढकलत पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. कुणी सोडली ते मला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "अगं, इथेच का लावतेस रोज?" ती आधी घाबरली. मग म्हणाली, "काकू, मी भूगावहून येते. पुणे स्टेशनजवळच्या हॉस्पिटलमध्ये ड्यूटी आहे. बस मिळाली तर मिळाली, नाहीतर लेट मार्क. आधी स्कूटरवरूनच जायचे पूर्ण, पाठ गेली माझी."

आमच्या वहीत ती जागा क्रमांक १७, नंबरचे चार आकडे आणि त्यापुढे अकरा टिंबं होती. त्या दिवशी कळलं की ज्यांच्यासाठी ही मेट्रो बांधली त्यांतलीच ती एक आहे. तिला इथून हुसकावलं तर ती काही चालत येणार नाही. परत स्कूटर घेऊन सगळं शहर ओलांडेल. हवा सोडणाऱ्या काकांना मी घरी जाऊन एवढंच सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन तिची माफी मागितली.

म्हणून कायद्याची बाजू सुरुवातीलाच समजून घ्या. रस्ता सोसायटीचा नाही. "बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत" अशी पाटी, साखळी, दगड, कुंड्या सार्वजनिक रस्त्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. चाकाला कुलूप लावणं, हवा सोडणं तर गुन्हाच. उलट फाटकासमोर, वळणावर, फूटपाथवर, चौकाच्या तोंडाशी गाडी लावणं नियमाबाहेर आहे, तिथे तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा फरक मनात ठेवून मागण्या ठरवा.

काय मागावं

माझी मुलगी अमेरिकेत सिएटलला असते. तिथे २००९ मध्ये लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, सुरू झाली तेव्हा स्टेशनांच्या आसपासच्या गल्ल्यांत हाच प्रश्न आला. लोक घरांसमोर गाडी लपवून रेल्वेने पुढे जातात, त्याला तिथे खास शब्द आहे. शहराने स्टेशनांभोवती परवान्याचे विभाग केले: रहिवाशाला परवाना, बाकीच्यांना दोन तास. शहराच्या आतल्या स्टेशनांना मोठी वाहनतळं दिली नाहीत, सुरुवातीच्या मार्गावर फक्त शहराबाहेरच्या टक्विलाच्या स्टेशनाला सुमारे सहाशे गाड्यांची जागा होती. मुलीने हे सांगितलं तेव्हा सभेत लगेच मागणी आली की आपल्यालाही परवाने द्या. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं आहे, त्याचा आधार घेऊन वेळेची मर्यादा किंवा सशुल्क पार्किंग मागता येतं. पण परवाना म्हणजे रहिवाशांनीही त्याचे पैसे भरायचे, हे सभेत आधी ठरवून घ्या. आमच्याकडे या वाक्यानंतर बराच वेळ शांतता होती.

दुसरी हमखास मागणी म्हणजे स्टेशनशेजारी मोठं वाहनतळ. मी तिच्या विरोधात आहे आणि कारण सांगते. आपल्याकडच्या नियोजनात उघड्यावरच्या एका कारला फिरायच्या जागेसकट २३ चौरस मीटर धरतात, तळघरात ३२. हजार चौरस मीटरच्या मोकळ्या भूखंडात ४३ कार बसतील. एका कारमधून एकच माणूस उतरला तर ४३ प्रवासी, आणि मेट्रोच्या एका डब्यात त्याच्या कितीतरी पट माणसं बसतात-उभी राहतात. त्यासाठी कोथरूडमधली हजार चौरस मीटर जमीन दिवसभर अडवायची, आणि त्या ४३ कार रोज सकाळी आपल्याच चौकातून आत येणार. एका कारच्या जागेत चार-पाच दुचाकी मावतात, सायकली त्याहून जास्त. म्हणून जागा मिळत असेल तर ती दुचाकी आणि सायकलींना मागा. कारचं वाहनतळ टोकाच्या स्टेशनाला शोभतं, मधल्या नाही. मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग २०१४ पासून बारा स्टेशनांवर अशा दाट वस्तीतून चालतो आहे. तिथे लोक चालत, रिक्षाने, बसने आणि लोकलनेच येतात, स्टेशनांजवळ वाहनतळांसाठी जागाच नाही.

मग आम्ही काय मागितलं? सगळ्यात आधी बस. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनापासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यातल्या पूरक सेवांचा विचार प्रकल्पातच असावा असं म्हटलं आहे. ते वाक्य उद्धृत करून आम्ही पीएमपीला, म्हणजे शहराच्या बससेवेला, लिहिलं की सकाळी सात ते दहा भूगाव-वनाझ फेऱ्या ठरलेल्या वेळी हव्यात. त्या मुलीसारख्या आठ जणांनी सह्या केल्या. तुमच्या तक्रारीचं मूळ ज्यांच्या गाडीत आहे त्यांचीच सही घ्या, त्या कागदाचं वजन वेगळं होतं. त्यानंतर फूटपाथ. दहा मिनिटं चालत येऊ शकणारे लोकही स्कूटर काढतात कारण फूटपाथवर चालता येत नाही. कुठला खांब, कुठली टपरी, कुठली तुटलेली फरशी, नकाशावर खूण करून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात तेव्हा अशी छोटी कामं सुचवता येतात. आणि शेवटी जिन्याजवळ रिक्षांसाठी आणि सोडायला येणाऱ्यांसाठी आखलेली जागा, तिच्या दोन्ही बाजूंना व कोपऱ्यांवर नो पार्किंग.

नो पार्किंगचा रस्ता असा असतो: अर्ज वाहतूक शाखेला. पोलीस पाहणी करतात, पोलीस उपायुक्त (वाहतूक) तात्पुरता आदेश काढून हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम आदेश, मग महापालिकेकडून पाट्या आणि पट्टे. हरकतींच्या टप्प्यावर दुकानदार विरोध करतात, म्हणून त्यांच्याशी आधीच बोला. माल उतरवायला सकाळची वेळ राखून ठेवली तर त्यातले बरेच तुमच्या बाजूने येतात.

अर्ज एका पानाचा. आमच्या अर्जाची सुरुवात अशी होती: "आम्ही दोन मंगळवार व एक रविवार, सकाळी सात ते रात्री नऊ, प्रत्येक तासाला गाड्या मोजल्या आहेत. जागा, भरलेपणा आणि तास यांचा तक्ता सोबत आहे. रहिवाशांनी स्वतःच्या चार कार आत घेतल्या आहेत. पुढील तीन गोष्टी कराव्यात ही विनंती." मागे नकाशा आणि तक्ता. भावनांचं एकही वाक्य नाही, कुणावर आरोप नाही. पोच घ्या. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्हाला एकदा वापरावं लागलं.

पाट्या लागल्या की थांबू नका. त्याच वारी, त्याच तासांना, त्याच कागदावर पुन्हा मोजा, आणि या वेळी शेजारची गल्लीही मोजा. आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्या नाहीशा झाल्या नव्हत्या, त्यातल्या काही पलीकडच्या शाळेच्या गल्लीत गेल्या होत्या. आता त्या गल्लीतल्या दोन घरांना सोबत घेऊन पुढचा अर्ज चालू आहे.

कोऱ्या तक्त्यांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. चांदणी चौकाकडच्या दोन सोसायट्यांनी मागच्या महिन्यात नेल्या. त्यांना जे सांगितलं तेच सांगते: पेन नेऊ नका, शिसपेन्सिल न्या. जुलैच्या पावसात माझं पेनाने लिहिलेलं अख्खं पान धुऊन गेलं होतं.